नियम कोणता आणि आमंत्रण कोणते?

अमेरिकेतील विद्यापीठांची सत्रे ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात, त्यामुळे मे-जून आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळच्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. मुलाला किंवा मुलीला ख्रिस्ती विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, तिकडून मोठ्या अगत्याची पत्रे येत आहेत, आणि त्या अगत्याला कसे सामोरे जावे हे घरात कोणालाच उमगत नाही. अशाच एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात मी बरीच वर्षे नोकरी केली, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला टेक्सासमधील वेको येथील बेलर विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. तेथे चॅपलला, म्हणजे विद्यापीठाच्या प्रार्थनासभेला, जाणे सक्तीचे आहे, असे कळते. शिवाय गावातील एका चर्चच्या मंडळींचे तिला आतापासूनच ईमेल येत आहेत : विमानतळावर घ्यायला येऊ, गादी आणि टेबल देऊ, पहिले काही दिवस आमच्याकडे राहा. यात त्यांना काय मिळते? माझ्या सासूबाई म्हणतात, मुलगी बाटून परत येईल. (एक आई, सातारा)

उत्तर : सासूबाईंना हसू नका. त्यांचा शब्द जुना असला, तरी शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट द्यायला हवे. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत : विद्यापीठाचा नियम, कार्यालयाची सेवा आणि चर्चचे आमंत्रण. पहिली पाळावीच लागते, दुसरी हक्काची असते आणि तिसरी सर्वस्वी तुमच्या मुलीच्या मर्जीवर असते. मी नोकरीत असताना विद्यार्थ्यांचे जे गैरसमज आणि मनस्ताप पाहिले, त्यांतले बहुतेक या तीन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे घडलेले होते.

आधी नियमाचे पाहू. बेलर हे बाप्टिस्ट पंथाचे विद्यापीठ आहे. टेक्सास अजून अमेरिकेत विलीन झाले नव्हते, स्वतंत्र प्रजासत्ताक होते, तेव्हा म्हणजे १८४५ साली त्याला सनद मिळाली. पदवीच्या विद्यार्थ्यांना तेथे दोन सत्रे चॅपलला उपस्थित राहावे लागते आणि धर्मविषयक दोन अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यांपैकी एक बायबलवरचा आणि दुसरा ख्रिस्ती परंपरेच्या इतिहासावरचा. ही सक्ती आहे आणि विद्यापीठ ती लपवतही नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ती लिहिलेली असते. मात्र सक्ती कशाची आहे, ते नीट समजून घ्या. चॅपलमध्ये बसावे लागते, पण प्रार्थना म्हटली नाही म्हणून कोणी गुण कापत नाही. बायबलच्या परीक्षेत ग्रंथ वाचला आहे का हे पाहिले जाते, त्यावर विश्वास बसला का हे विचारले जात नाही. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला किंवा सेंट झेवियर्सला शिकून आपले हिंदू, मुसलमान, पारशी असणे कायम राखलेल्या पिढ्या आपल्याकडे कमी नाहीत.

पण सगळी ख्रिस्ती विद्यापीठे एकाच साच्यातली असतात, असे समजू नका. इंडियानातील नोटर डेम (अमेरिकेत उच्चार असाच करतात, फ्रेंच पद्धतीने केलात तर समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो) हे कॅथलिक विद्यापीठ आहे. तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांना थिऑलॉजी (ईश्वरविषयक शास्त्र) आणि तत्त्वज्ञान शिकावे लागते, पण उपासनेला जाण्याची सक्ती नसते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन हे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेतले विद्यापीठ १७८९ साली स्थापन झाले. तेथे १९९९ पासून पूर्णवेळ इमाम आहेत आणि २०१६ साली हिंदू विद्यार्थ्यांसाठीही पुरोहिताची नेमणूक झाली. दुसऱ्या टोकाला अशीही महाविद्यालये आहेत, जी प्रवेशाच्या अर्जातच ख्रिस्ती श्रद्धेचे निवेदन मागतात. तेथे आपल्या मुलांनी अर्ज करण्यात काही हशील नाही. युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात इतर धर्मीयांना प्रवेश मिळतो, पण आचारसंहितेवर सही करावी लागते, आणि त्या संहितेत दारू व तंबाखूबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे. चर्चच्या कोणत्याही धर्मतत्त्वापेक्षा ही एक अट मराठी घराला जास्त जड जाईल, असे मला वाटते. म्हणून सही करण्यापूर्वी संहिता शेवटच्या पानापर्यंत वाचावी आणि न पटल्यास तेव्हाच माघार घ्यावी. सही करून नंतर खोलीत चोरून चहा उकळणे हा स्वाभिमान नव्हे.

बेलरच्या बाबतीत आणखी एक गमतीची नोंद : तेथील आवारात नृत्याच्या कार्यक्रमाला १९९६ पर्यंत परवानगी नव्हती. तेव्हा पंथाचे नियम सैल होतात, पण त्यांच्या गतीने, हे मुलीने लक्षात ठेवावे.

आता कार्यालयाच्या सेवेचे पाहू. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा दस्तऐवज, सेव्हिस या सरकारी प्रणालीतील नोंद, पोहोचल्यावर हजेरी लावणे, आरोग्य विम्याची माहिती, ओरिएंटेशन, आवारात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करण्याची मुभा : हे सर्व परदेशी विद्यार्थी कार्यालयामार्फत होते. सत्र सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. तिकीट काढताना हे विसरून तिकीट बदलावे लागलेले पालक मी दरवर्षी पाहत असे. या सेवांसाठी तुम्ही शुल्क भरलेले असते. त्यासाठी कोणाचे मिंधे होण्याचे कारण नाही, आणि कोणत्याही चर्चशी संबंध ठेवण्याचे तर मुळीच नाही. पुष्कळ विद्यापीठांत विमानतळावरून आणण्याची सोयही कार्यालयच करते किंवा स्वयंसेवकांची यादी ठेवते. ईमेल करणारी मंडळी त्या यादीत आहेत का, हे मुलीने कार्यालयाला एका ओळीत विचारावे. असतील तर निर्धास्त बसावे. नसतील तर आभार मानून कार्यालयाची गाडी घ्यावी.

आता तुमचा खरा प्रश्न : यात त्यांना काय मिळते? उत्तर दोन पदरी आहे आणि बहुतेक वेळा ते दोन्ही पदर एकाच माणसात असतात. परका दाराशी आला तर त्याला घरात घ्या, ही बायबलची आज्ञा आहे. ती जुन्या करारात आहे आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तर न्यायाच्या दिवशी जे विचारले जाईल त्यातच तिचा समावेश आहे. दर ऑगस्टमध्ये आपल्या गाडीत अनोळखी मुलांच्या बॅगा भरणारे सत्तरीचे आजी-आजोबा ही आज्ञा मनापासून पाळत असतात. त्याच वेळी त्यांच्यापैकी अनेकांना असेही वाटत असते की हा पाहुणा एक दिवस ख्रिस्ताला ओळखील. परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्री करून त्यांच्यापर्यंत ख्रिस्ती संदेश पोहोचवणे, याच हेतूने काम करणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. इंटरनॅशनल स्टुडंट्स इन्कॉर्पोरेटेड ही त्यांपैकी एक १९५३ सालापासून काम करते आणि आपला हेतू उघड सांगते. हा हेतू आहे म्हणून ती गादी खोटी ठरत नाही. गादी दिली म्हणून मुलीने हेतू मान्य करायचा, असेही नाही.

मुलीला एवढेच शिकवा की पहिल्याच भेटीत सौजन्याने आणि स्वच्छ बोलावे : “तुमच्या घरी जेवायला यायला मला फार आवडेल. मी हिंदू आहे आणि तशीच राहणार आहे, म्हणून बायबल अभ्यासाला मात्र येणार नाही.” किंवा यावेसे वाटत असेल, तर येईन पण ऐकण्यापुरती, असे म्हणावे. अमेरिकेत स्पष्ट नकार हा अपमान मानला जात नाही. आपणच भिडेपोटी मोघम हो म्हणतो, तीन आठवडे जातो, मग फोन उचलणे बंद करतो आणि दोन्ही बाजूंनी मन खट्टू होते. हे ऐकल्यावरही ज्यांचे जेवणाचे आमंत्रण टिकते, ती माणसे आपली. मदतीला अट जोडली गेली, तर मात्र गप्प बसू नये, कार्यालयाला सांगावे. मी पाहिलेल्या ख्रिस्ती विद्यापीठांत अशी तक्रार सर्वांत गंभीरपणे घेणारा माणूस बहुधा तेथील चॅप्लेनच, म्हणजे विद्यापीठाचा धर्मगुरूच असे, कारण त्याच्या मते तो पाहुणचाराचा आणि धर्माचाही अपमान असतो.

सासूबाईंना आनंदीबाई जोशी यांची गोष्ट पुन्हा वाचून दाखवा, पण या दृष्टीने. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली, तेव्हा एका मिशनरी संपादकाने धर्मांतराची अट सुचवली आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक दंतवैद्याकडे बसल्या असताना पडला आणि त्यांनी काहीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावले. एकाच धर्माची दोन माणसे, आणि दोन प्रकारची निमंत्रणे! निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी महाविद्यालयाच्या सभागृहात भाषण केले आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे तेथे जाहीर केले. त्या शब्दाला त्या जागल्या. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला राहिल्या आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण नंतर त्याच भगिनींशी त्यांनी धर्मतत्त्वांवरून पत्रांतून असा वाद घातला की त्यांना कोणी वळवले असेल, यावर तो पत्रव्यवहार वाचणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. तुमची मुलगी यांपैकी कोणत्या वाटेने जाईल, की आणखी तिसऱ्याच, हे आज तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही. ती जे करील ते भिडेपोटी किंवा गादीच्या मोबदल्यात होऊ नये, एवढी तजवीज करता येते.

प्रश्न : मी नोटर डेम येथे पदवीसाठी जात आहे. प्रत्येक वसतिगृहात चॅपल आहे आणि रविवारी रात्री तेथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, होते, असे वाचले. उत्सुकता म्हणून गेलो तर चालेल का? आणि खोलीत गणपती बसवता येईल का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : जरूर जा. नोटर डेममध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सहा सत्रे आवारातच राहावे लागते, मुलांची आणि मुलींची वसतिगृहे वेगळी असतात, आणि रविवारची मिस्सा हा त्या वसतिगृहाच्या घरगुती जीवनाचाच भाग असतो. पायजम्यातच आलेली मुले तेथे दिसतील. मागच्या बाकावर बसावे, इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे, गुडघे टेकतील तेव्हा शांत बसून राहिले तरी कोणी वावगे मानत नाही.

एकच गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, आणि ती मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो आहे. मिस्सेच्या उत्तरार्धात सगळे रांग लावून पुढे जातात आणि फादर प्रत्येकाच्या हातावर पातळ पांढरी चकती ठेवतात. आपल्या मनाने तो लगेच प्रसाद ठरवलेला असतो, आणि प्रसाद नाकारणे हे आपल्याकडे पाप. मी माझ्या पहिल्याच रविवारी भक्तिभावाने रांगेत उभा राहिलो, हात पुढे केला, चकती घेतली आणि ती जागेवर नेऊन खाण्यासाठी रुमालात बांधू लागलो. शेजारच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ते साक्षात ख्रिस्ताचे शरीर असते; ते फक्त कॅथलिकांनी, तेही मनाची तयारी करूनच घ्यायचे असते, आणि जागच्या जागी ग्रहण करायचे असते. प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणूसही तेथे ते घेत नाही. तेव्हा रांग सुरू झाली की बसून राहावे, किंवा दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून पुढे जावे. फादर नुसता आशीर्वाद देतील. आपल्याला वगळले असे वाटून घेऊ नये. आपल्याकडेही गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय प्रवेश नाही म्हणतात, तेव्हा पाहुण्याचा अपमान करण्याचा हेतू नसतो.

गणपतीला अडचण धर्माची येणार नाही, अग्निशमन नियमांची येईल. अमेरिकेतील वसतिगृहांत मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती, कापूर यांना सर्रास बंदी असते, मग विद्यापीठ ख्रिस्ती असो वा सरकारी. धुराच्या पहिल्याच रेषेने गजर वाजतो आणि अख्खी इमारत पायजम्यात रस्त्यावर येते. बॅटरीवरचा दिवा लावावा, आरती तोंडाने म्हणावी, खोलीतल्या सोबत्याला आधी सांगावे. गणेश चतुर्थी सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत येते, तेव्हा प्राध्यापकांना सुटी हवी असल्यास आठवडाभर आधी लेखी कळवावे. ज्यांच्या विषयात धर्म हा गंभीरपणे घेतला जातो, ते प्राध्यापक दुसऱ्याच्या सणालाही सहसा गंभीरपणे घेतात, असा माझा अनुभव आहे. नोटर डेमच्या आवारात दोन सुंदर तळी आहेत. विसर्जन तेथे करू नये, बादली पुरते.

प्रश्न : विद्यापीठ ख्रिस्ती आहे, वसतिगृहाचे प्रमुख स्वतः फादर आहेत, तेव्हा मुलाचे लक्ष अभ्यासात आहे का, हे त्यांना फोन करून विचारता येईल ना? (एक वडील, जळगाव)

उत्तर : विचारता येईल, पण उत्तर मिळणार नाही. फेर्पा या संघराज्य कायद्यानुसार उच्च शिक्षणात शिरल्यावर शैक्षणिक नोंदींचा हक्क विद्यार्थ्याचा असतो. त्याच्या लेखी संमतीशिवाय फी भरणाऱ्या बापालाही गुण सांगता येत नाहीत. फादर तुमचे प्रेमाने ऐकून घेतील, तुमच्यासाठी प्रार्थनाही करतील, आणि मुलाला म्हणतील, “घरी फोन कर.”

प्रश्न : आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमची कन्या एका ख्रिस्ती विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला गेली. पहिल्याच आठवड्यात तिला परदेशी पाहुण्यांच्या बायबल परिचयाच्या वर्गात बसवले आणि तुम्ही केव्हा धर्मांतर केले, असे विचारले. तिला फार लागले. (एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर)

उत्तर : हे पत्र वाचून मला शरम वाटली, कारण आमच्या कार्यालयातही असे घडत असे. भारतीय म्हणजे हिंदू, आणि ख्रिस्ती म्हणजे आपण, असा एक आळशी हिशेब त्या स्वागतामागे असतो. अगत्य दाखवण्याची एवढी घाई असते की पाहुण्याला तू कोण, हे विचारायचेच राहून जाते.

कन्येने रागावू नये असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते तिने सांगावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले, म्हणजे अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या इंग्रज यात्रेकरूंचे मेफ्लॉवर हे जहाज निघण्याच्याही चार वर्षे आधी. अमेरिकेच्या मिशनचे पहिले लोक मुंबईत १८१३ साली उतरले आणि १८३१ साली त्यांनी तुमच्या नगरात केंद्र उघडले, तेव्हा नोटर डेम आणि बेलर या दोन्ही विद्यापीठांचा पायाही घातला गेला नव्हता. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीवर लिहिलेली गीते तुमच्या घरी प्रत्येक रविवारी म्हटली जात असतील. त्यांतले एक गीत तिने चॅपलमध्ये मराठीत म्हणावे, असे चॅप्लेनला सुचवावे. स्वागत करणाऱ्याला पाहुण्याकडूनही काही घेता आले पाहिजे, आणि ही संधी विद्यापीठाने आपणहून द्यायला हवी होती. तिने आपल्या मंडळीच्या पाळकांचे पत्र सोबत नेले असेल, तर ते स्थानिक चर्चला द्यावे. तेथे ती परदेशी पाहुणी न राहता सभासद होते.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी टेक्सासमध्ये एका ख्रिस्ती विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. नव्या मराठी मुलांसाठी काही करावेसे वाटते, पण चर्चवाले इतके संघटित आहेत की आमची गरज दिसत नाही. (एक वाचक दांपत्य)

उत्तर : ऑगस्टमध्ये खरोखरच नाही. त्या महिन्यात मुलांना इतक्या गाद्या, भांडी आणि पिझ्झा मिळतो की ठेवायला जागा उरत नाही. गरज पडते ती नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत, आणि त्याहून जास्त नाताळात. तेव्हा भोजनगृह बंद होते, अनेक ठिकाणी वसतिगृहही रिकामे करावे लागते, आणि चर्चची मंडळी साहजिकच आपापल्या नातवंडांत रमलेली असतात. ख्रिस्ती विद्यापीठात हा काळ परदेशी मुलांना सर्वांत एकटा जातो, कारण सर्वांत मोठा सण साजरा करायला सगळे घरी गेलेले असतात. ऑक्टोबरमध्येच कार्यालयाला फोन करून आपले नाव, पत्ता आणि किती मुले राहू शकतील ते कळवा. तुमची चौकशी होईल, ती होऊ द्या.

मराठीच मुले हवीत, असा आग्रह मात्र धरू नका. तुमच्या दोन मुलांच्या मागे एखादा नेपाळी, एखादी नायजेरियन मुलगी येईल. त्यांनाही पिठले-भात वाढा, आणि तिखट थोडे बेतानेच घाला.